मनगटावरचं घड्याळ आणि घाटातली धाप

जानेवारीतल्या रविवारी मुंबई मॅरेथॉन संपते, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ एकच दृश्य हजारो वेळा दिसतं. पदक गळ्यात पडायच्या आधी धावपटू मनगट वर करतो आणि घड्याळाचं बटण दाबतो. मग पाण्याची बाटली उघडता उघडता बोलणं सुरू होतं. ‘माझ्यात बेचाळीस सातशे आलं.’ ‘माझ्यात बेचाळीस पाचशे. यंदा मार्ग लांब आखलाय.’

मार्ग सहसा बरोबरच असतो. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर आणि ते मोजण्याची मान्य पद्धत आजही सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे पडताळतात आणि मग सगळा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. वळणावर ही रेषा रस्त्याच्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटरवरून जाते. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे आणि परत, असे नागमोडी धावतो. काही जास्तीचे मीटर आपल्या पायांचे असतात. उरलेले घड्याळाचे, आणि ते कुठून येतात हे समजून घेण्यासारखं आहे.

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरत असतात. दिवसाला पृथ्वीच्या जवळपास दोन प्रदक्षिणा. प्रत्येकात अणुघड्याळं असतात आणि प्रत्येक उपग्रह अखंड एकच निरोप पाठवत असतो: मी अमुक, मी या जागी आहे, आणि आत्ता इतके वाजले आहेत. हा निरोप मनगटापर्यंत यायला सेकंदाचे साधारण सात शतांश लागतात. किती वेळ लागला हे कळलं की त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, उपग्रह किती दूर आहे ते निघतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा सापडायला हवी. पण मनगटावरचं घड्याळ साध्या क्वार्ट्झवर चालतं, आणि वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. म्हणून चौथा उपग्रह लागतो. जागेचे तीन आकडे आणि आपल्याच घड्याळाची चूक, अशी चार अज्ञातं आणि चार समीकरणं. शाळेत एकसामयिक समीकरणं सोडवताना ‘याचा उपयोग काय’ असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्या मनगटावर ती आता सेकंदासेकंदाला सुटत असतात.

यात आइन्स्टाइनही आहे. वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ किंचित मागे पडतं आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे जातं. वजाबाकी करून ते दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे राहतं. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो. ही दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून आपली सकाळची फेरी नकाशावर आपल्याच रस्त्यावर उमटते. मला हे दरवेळी थोर वाटतं.

पण तो निरोप फार क्षीण असतो. जमिनीवर पोचेपर्यंत त्याची ताकद, एका वॉटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी उरते. पुण्यात वेताळ टेकडीवर सगळं आकाश उघडं असतं, तिथे घड्याळाची रेघ पायवाटेवर नीट बसते. खाली उतरून लॉ कॉलेज रस्त्याच्या झाडांखाली शिरलं, त्यातही पावसाने पानं ओली असली, की रेघ डगमगायला लागते. लोअर परळच्या उंच इमारतींमध्ये अडचण वेगळी: निरोप आधी काचेच्या भिंतीवर आपटतो आणि मग मनगटावर येतो. त्याला उशीर होतो, आणि उशीर म्हणजे घड्याळाच्या लेखी जास्त अंतर. असे ठिपके खऱ्या वाटेच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडतात. सरळ रस्त्यावर असे वाकडेतिकडे ठिपके जोडले की रेघ खऱ्या वाटेपेक्षा लांब भरते. मॅरेथॉनमधले जास्तीचे मीटर बरेचसे इथले. उलट तीव्र वळणावर दोन ठिपक्यांमधला कोपरा कापला जातो आणि अंतर कमी भरतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर म्हणूनच फेऱ्या मोजाव्यात.

नव्या घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सी ऐकण्याची सोय असते. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा संकेत जास्त रेखीव असल्यामुळे थेट आलेला निरोप आणि भिंतीवरून उडून आलेला निरोप वेगळे ओळखता येतात. मुंबईच्या टॉवरांमध्ये धावणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजावेत. टेकडीवर, नदीकाठी किंवा गावाकडच्या रस्त्यावर धावणाऱ्याने ते चांगल्या बुटांवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक घड्याळं आता रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रहही ऐकतात. आपल्या ‘नाविक’ची रचना सात उपग्रहांची आहे. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून ‘नाविक’ही एल१ या फ्रिक्वेन्सीवर बोलू लागला, आणि घड्याळांसारखी छोटी साधनं प्रामुख्याने तीच ऐकतात.

सुरुवात करण्याआधी उघड्यावर अर्धा मिनिट उभं राहावं असं सांगतात, त्यालाही कारण आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. घड्याळ फोनशी जोडलेलं असेल तर ही माहिती आधीच उतरवलेली असते, तेव्हा वेळ कमी लागतो. नाहीतर घाईने निघालेल्याचा पहिला किलोमीटर हमखास चुकतो. उंचीचं गणित आणखी कठीण, कारण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. म्हणून चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारं यंत्र असतं: साधारण आठ मीटर चढलं की दाब एक मिलिबार उतरतो. मुसळधार पावसात त्या यंत्राच्या बारीक छिद्रावर पाणी साचलं, तर सपाट रस्त्यावरही डोंगर चढल्याची नोंद होते.

आता घड्याळाची दुसरी बाजू, त्वचेला टेकलेली.

वैद्य नाडी बघतात तेव्हा तीन बोटं अंगठ्याच्या बाजूला, तळहाताकडच्या अंगाला ठेवतात. तिथे धमनी हाडावरून जाते आणि ठोका बोटाला थेट लागतो. घड्याळ बसतं त्याच्या नेमक्या उलट बाजूला, मनगटाच्या पाठीवर. तिथे हाताला लागेल अशी धमनी नाही, त्वचेखाली केशवाहिन्यांचं जाळं आहे. म्हणून घड्याळ बोटाऐवजी प्रकाश वापरतं. मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं आणि उरलेला प्रकाश परत येतो. हृदयाचा ठोका पडला की वाहिन्या किंचित भरतात, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ही चढउतार मोजली की ठोके मिळतात.

बसून असताना हे छान जमतं. धावताना हात हलतो, घड्याळ घसरतं, रक्तसुद्धा पावलागणिक हिंदकळतं. ठोके मिनिटाला १५० आणि पावलं मिनिटाला १७० असतील, तर दोन्ही लाटा इतक्या जवळ येतात की घड्याळ कधी कधी चुकीची लाट धरून बसतं. एका थंड पहाटे माझं घड्याळ अगदी सावकाश धावताना १७२ दाखवत होतं. दम लागलेला नव्हता, बोलता येत होतं. थांबून गळ्याशी बोटं धरून १५ सेकंद मोजले तर ३३ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १३२. घड्याळ माझी पावलं मोजत होतं. थंडीत मनगटाकडचं रक्त कमी होतं, पट्टाही सैल होता. तेव्हापासून मी घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधते, आणि आकडा व धाप जुळत नसतील तर धापेवर विश्वास ठेवते.

ठोके मोजायला छातीवर बांधतात त्या पट्ट्याला ही अडचण फार कमी येते, कारण तो ठोक्याची वीज पकडतो. हृदयाचा स्नायू आकसण्याआधी त्यातून जाणारी विजेची लहर छातीच्या त्वचेपर्यंत पोचते. डॉक्टरांकडे ईसीजी काढतात तेच तत्त्व, ज्यासाठी विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. हे तत्त्व मैदानावर आणलं फिनलंडच्या सेप्पो सायनायाकांगास यांनी. त्यांनी १९७७ मध्ये पोलर कंपनी सुरू केली, आणि १९८२ मध्ये छातीवरून मनगटाकडे बिनतारी ठोके पाठवणारं यंत्र बाजारात आलं. पट्टा कोरडा असला तर सुरुवातीला दगा देतो, म्हणून बांधण्याआधी आतली बाजू ओली करतात.

ठोके बरोबर मिळाले तरी त्यांचा अर्थ लावताना मोठी गफलत होते ती ‘२२० वजा वय’ या सूत्रामुळे. नवं घड्याळ सुरू करताना आपण जन्मवर्ष भरतो आणि ते पुष्कळदा याच सूत्राने आपले कमाल ठोके ठरवून टाकतं. हे सूत्र १९७१ च्या सुमाराचं. वेगवेगळ्या लोकांवरची वेगवेगळी मापं एकत्र मांडून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. २००१ मध्ये ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारलेलं सूत्र आलं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण सरासरी कितीही सुधारली तरी माणसामाणसांतला फरक राहतोच: एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चं अंतर सहज असू शकतं. ज्याचे कमाल ठोके खरोखर १८० आहेत त्याला घड्याळ १६० धरून ‘फार जोरात धावतोयस’ म्हणून अडवत राहतं. ज्याचे १५० आहेत त्याला ते रोज जास्त पळवतं, आणि हे जास्त वाईट.

खरी कमाल मर्यादा चढणीवर पूर्ण जोर लावून काढता येते, पण ती चाचणी चाळिशीपुढच्यांनी किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर घड्याळात काय दिसतंय ते न बघता थांबावं. ते यंत्र निदानासाठी नाही.

कमाल ठोके माहीत असतील तर फिनलंडच्याच मार्टी कार्व्होनेन यांची पद्धत वापरावी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके ५८ आणि कमाल १७८ असतील, तर मधली शिल्लक १२०. तिचे ६० ते ७० टक्के ५८ मध्ये मिळवले की १३० ते १४२. हा सावकाश धावण्याचा पट्टा. अव्वल दर्जाचे लांब पल्ल्याचे धावपटू आपला सुमारे ८० टक्के सराव हलक्या जोरावर करतात, हे स्टीफन सायलर यांनी पुष्कळ नोंदी तपासून दाखवलं. आपण हौशी धावणारे नेमकं उलट करतो. रोज मधल्याच जोरावर धावतो: सावकाश म्हणावं तर दम लागलेला, वेगवान म्हणावं तर वेग नाही. हलक्या धावण्यात स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून काही महिन्यांनी सकाळचे ठोके उतरतात. घड्याळाचं मोठं काम माझ्या लेखी हेच: मागे खेचणं. यंत्र नसेल तर सोबत्याला आपल्या घरचा पत्ता खुणांसकट, न थांबता सांगता येतोय का ते बघावं. तोच पट्टा सापडतो.

प्रत्येक सरावात मात्र ठोके बघू नयेत. ४०० मीटर वेगात, मग विश्रांती, अशा सरावात हृदय वेगाच्या मागून येतं. त्याला चढायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर फेरी संपलेली असते. तिथे वेळ बघावी. उलट मे महिन्यातल्या मुंबईत किंवा कोकणात वेग बघू नये. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला रक्त त्वचेकडे जातं, घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. एका ठोक्यात कमी रक्त, म्हणून ठोके जास्त. त्याच वेगाने तासभर धावताना ठोके दहा-पंधरांनी सहज चढतात. जानेवारीतला वेग मेमध्ये धरून ठेवणारा माणूस त्या दिवशी वेगळाच, जास्त कठीण सराव करत असतो.

घाटात तर वेगाला अर्थच उरत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये शहर सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, आणि सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा माणूस साडेसात-आठवर येतो. तिथे मी घड्याळात फक्त ठोके ठेवते. ठोक्यांनी ठरलेला पट्टा ओलांडला की पावलं आखूड करते, गरज पडली तर चालते. पहिल्या दोन वळणांवर पुष्कळ जण पुढे जातात, आणि त्यातले बरेच वरच्या वळणांवर कमरेवर हात ठेवून उभे दिसतात.

वरून परतताना मात्र ठोक्यांचा उपयोग संपतो. उतारावर ते १३० पर्यंत खाली येतात, घड्याळ हलका सराव म्हणून नोंद करतं, आणि त्याच वेळी मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून प्रत्येक पावलाचा धक्का झेलत असतो. त्या आकसण्याला प्राणवायू थोडा लागतो, म्हणून हृदयाला त्याची फारशी खबर नसते. स्नायूंचे तंतू मात्र त्यातच सर्वांत जास्त दुखावतात. सोमवारी आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि त्या दोन्ही सकाळी घड्याळातले ठोके नेहमीसारखे ५८ असतात.