क्रूसाची वाट

येशूला मृत्युदंड सुनावल्यापासून त्याचा देह कबरेत ठेवेपर्यंतच्या चौदा प्रसंगांचे, एकेका ठिकाणी थांबून स्मरण करण्याची कॅथलिक उपासना. चर्चच्या भिंतींवर त्यासाठी चौदा क्रूस लावलेले असतात. बहुधा चित्रेही असतात, पण आवश्यक मानतात ते क्रूसच. प्रायश्चित्तकाळातील (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील) शुक्रवारी, विशेषतः गुड फ्रायडेला, ही वाट केली जाते. वसई भागात आणि गोव्यात ती चर्चबाहेर रस्त्यानेही निघते. प्रत्येक स्थानापुढे गुडघे टेकायचे, चिंतन ऐकायचे, प्रार्थना म्हणायची आणि गात पुढे सरकायचे. गर्दी असली की धर्मगुरू आणि क्रूस धरणारा तेवढे फिरतात. बाकीचे बाकांपाशीच त्या त्या दिशेला वळतात.

उगम यरुशलेमच्या यात्रेत आहे. तिथल्या पवित्र स्थळांची देखभाल १३४२ मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आली. ज्यांना एवढा प्रवास झेपत नव्हता त्यांच्यासाठी युरोपात त्या वाटेच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. स्थानांची संख्या बराच काळ कमीजास्त होती. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ती चौदा ठरवली. यरुशलेममध्ये यात्रेकरू आज ज्या ‘व्हिया डोलोरोसा’ने चालतात, ती अँटोनिया किल्ल्याच्या जागेजवळून सुरू होते. रोमन सुभेदार पिलाताने येशूचा निवाडा दिला तो मात्र शहराच्या पश्चिमेकडील हेरोदाच्या वाड्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. भाविकांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

चौदाही प्रसंग बायबलात नाहीत. येशूचे तीनदा पडणे, वाटेत आईची भेट आणि वेरोनिका नावाच्या स्त्रीने त्याचा चेहरा पुसणे यांचा उल्लेख कोणत्याही शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलातील चार ग्रंथांपैकी एकातही, सापडत नाही. याउलट येशूचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरल्याचे सांगताना शुभवर्तमानकार मार्क त्याच्या दोन मुलांची, आलेक्सांद्र आणि रूफ यांची, नावेही देतो (१५:२१). पण आधार नसलेली वेरोनिकाच लोकांना अधिक जवळची वाटते. शिमोनाला शिपायांनी धरून आणले, ती आपणहून पुढे झाली. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांविषयीचे चिंतन तिच्याच स्थानापाशी सहज सुचते.

१९९१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या कोलोसियममध्ये केवळ बायबलावर आधारलेली चौदा स्थाने घेतली. त्यांत येशूला अटक झाली ती गेथशेमाने बाग, येशूला ओळखत नाही असा शिष्य पेत्राने दिलेला नकार आणि पश्चात्ताप झालेला चोर आले, वेरोनिका गेली. हा क्रमही मान्य आहे, तरी चर्चच्या भिंतींवर सहसा जुनाच दिसतो. काही ठिकाणी पुनरुत्थानाचे पंधरावे स्थान जोडतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही उपासना फारशी रूढ नाही. गुड फ्रायडेला तिथे वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात, आणि ते सातही शुभवर्तमानांतले आहेत.