डेक बसवण्याआधी एकदा येऊन बघा
(आमची १४ फुटी शिडाची होडी कशी बनते, याची ग्राहकांसाठी माहिती)

होडी बघायला आलेला माणूस आधी तिच्यावरून हात फिरवतो. गुळगुळीत आहे, चकाकते आहे, म्हणजे चांगली. खरं सांगायचं तर ती चकाकी साच्याची असते. साचा घासून, मेण लावून आरशासारखा ठेवला की कुणाचीही होडी चकाकते. होडीचा कस आतल्या थरांत असतो, आणि एकदा डेक, म्हणजे होडीचं वरचं झाकण, बसला की आतलं काही दिसत नाही. म्हणून बुकिंग केलेल्या प्रत्येकाला आम्ही डेक बसवायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये बोलावतो. तिथे नेमकं काय बघायचं ते कळावं, म्हणून हे पत्रक.

आकार असा का

लांबी १४ फूट (४.२७ मीटर), रुंदी साडेपाच फूट, शीड आणि डोलकाठी सोडून वजन ९५ किलो. लहान मुलं ज्यावर शिकतात ती ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची, आणि तिची नुसती होडी ३५ किलोची. शर्यतीतली लेझर ४.२३ मीटरची, तिची ५९ किलोची. "लांबी लेझरएवढीच, मग वजन एवढं कसं?" हे हमखास विचारलं जातं. लेझर एकट्या, चपळ माणसासाठी आहे. तो उलटतो, हसतो, होडी सरळ करून पुढे जातो. आमच्या होडीत नवरा, बायको आणि एक शाळकरी मूल बसणार, सोबत डबा. त्यासाठी रुंदी दिली. रुंद होडी सहजी कलत नाही, पण पाणी जास्त कापावं लागत असल्याने वेग कमी मिळतो. ज्यांना वेग हवा त्यांनी आमची होडी घेऊ नये, असं आम्ही तोंडावर सांगतो.

कोकणातल्या मच्छीमारांनी हाच प्रश्न उलांडीने सोडवला: होडी अरुंद, आणि बाजूला आडव्या काठ्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. उपाय झकास आहे, पण उलांडीसकट होडी ट्रेलरवर घालून पवना धरणावर कशी न्यायची?

वारा बाजूने आला की शीड होडीला पुढे ढकलतं, तसंच आडवंही सरकवतं. ते सरकणं थांबवायला मध्यभागी पाण्यात उतरणारी फळी असते. सरळ वरून खाली घालायची फळी स्वस्त पडते. आम्ही मात्र बिजागरीवर फिरणारी बसवतो, कारण ओहोटीला खाडीतला वाळूचा पट्टा आधी फळीलाच सापडतो. फिरणारी फळी आपटली तर मागे वळते, मोडत नाही.

शीड ९ चौरस मीटरचं. सकाळच्या मतलई वाऱ्यात ते अपुरं वाटेल, दुपारी खारा वारा चढला की जास्त. म्हणून शिडाचा खालचा पट्टा गुंडाळून बांधायची सोय दिली आहे. नवशिक्यांनी दुपारी ती वापरावीच.

बाहेरून आत

फायबरची होडी उलट्या क्रमाने बनते. जो भाग शेवटी बाहेर दिसतो तो साच्यात सगळ्यात आधी पडतो. मेणावर साधारण अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे रंगीत कवच. तो बोटाला चिकट लागला पण बोटावर आला नाही, की त्यावर ३०० ग्रॅमची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई), मग ४५० ची, मग ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड), शेवटी पुन्हा ४५० ची मॅट. हे ग्रॅम चौरस मीटरमागचे. सगळं मिळून जाडी चार मिलिमीटरच्या आसपास. ऐकून लोक दचकतात, पण नाळ (होडीचं पुढचं टोक), तळाचा कणा आणि डोलकाठीचा पाया इथे थर वाढवलेले असतात.

मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट रेझिन (काच भिजवून मग घट्ट होणारा चिकट द्रव) लागतं, रोव्हिंगला जवळपास वजनाइतकंच. कमी पडलं तर काच कोरडी राहते. जास्त झालं तर होडी जड होते, मजबूत नाही. ताकद काचेची असते, रेझिन तिला धरून ठेवतं. रेझिनच्या मगमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारा द्रव) पडला की वीस-पंचवीस मिनिटं हातात असतात. तेवढ्यात ब्रशने भिजवायचं आणि खाचांच्या रोलरने आतली हवा हाकलायची. उशीर झाला तर मगातलं रेझिन तापून धुरायला लागतं.

आता आमची एक चूक. सुरुवातीच्या एका वर्षी ग्राहकाच्या घाईपोटी आम्ही जूनच्या अखेरीस एक होडी साच्यात घातली. हवेत ओल, जेलकोट पातळ आणि नीट न सुकलेला, त्यावर मॅटचं रेझिन पडलं. साच्यातून काढली तेव्हा नाळेजवळचा भाग मगरीच्या पाठीसारखा सुरकुतलेला. ती होडी आम्ही विकली नाही. शेडमागे पडून आहे, आलात की दाखवू. तेव्हापासून जून ते सप्टेंबर थर घालायचं काम बंद. त्या दिवसांत सुकाणू, फळ्या, डोलकाठ्या करतो. म्हणून "गणपतीला होडी मिळेल का?" याचं उत्तर, मे महिन्याआधी साच्यातून निघाली असेल तरच.

त्या दिवशी काय बघायचं

येताना पाच रुपयांचं जाड नाणं आणा. होडीवर सगळीकडे टकटक करत फिरा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो. थरांत हवा राहिली असेल तिथे बद्द येतो. बद्द वाजलं तिथे खडूने गोल करा. तो भाग घासून पुन्हा थर दिल्याशिवाय डेक बसणार नाही.

मग आत वाकून बघा. नीट भिजलेली काच जवळजवळ पारदर्शक होते. पांढरे धागे दिसले तर तिथे रेझिन पोचलेलं नाही. बाकांखाली फोम हाताने दाबून बघा. होडी उलटली, पाण्याने भरली, तरी तिला तरंगत ठेवणारा तोच. तो पॉलियुरेथेनचा असतो. थर्माकोल स्वस्त खरा, पण रेझिनमधल्या स्टायरीनने तो विरघळतो, आणि बाकाखाली उरते नुसती पोकळी.

वापर आणि दुरुस्ती

खाऱ्या पाण्यासाठी बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच. ३०४ वर तांबूस डाग चढतात. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्वतः स्टीलचे रिव्हेट मारू नका, खाऱ्या पाण्यात भोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. होडी महिनोन्महिने पाण्यात बांधून ठेवू नका. जेलकोटमधून पाणी झिरपतं आणि तळाला फोड येतात. शीड गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळा.

लहानसा ओरखडा घरी बुजवता येतो. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर थेट एकत्र कधीही करू नका, स्फोट होऊ शकतो. आमच्याकडून नेलेल्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळलेलं असतं, तुम्ही फक्त हार्डनर घालायचा.

"फायबर समुद्रात टिकेल का?" असं अजूनही कुणी विचारतं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या होड्यांकडे एकदा नजर टाका, बहुतेक फायबरच्याच. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ५६ फुटी होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. आत लाकडाचा गाभा, वरून काचेचं फायबर. आमची होडी खाडी आणि धरणासाठी आहे, तिला घेऊन खोल समुद्रात जाऊ नका.

डेकच्या आदल्या दिवशी सकाळी दहानंतर या, तोवर शेडमधला रेझिनचा वास थोडा ओसरलेला असतो. आणि जुने कपडे घालून या. रेझिनचा डाग कपड्यावरून निघत नाही.