रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर

सोलापूर स्टेशनात वंदे भारत येते तेव्हा तिच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. गाडीत आलेली ही वीज परत फिरते ती चाकांमधून रुळांत. म्हणून रूळ जिथे फिशप्लेट, म्हणजे सांध्यावरची धातूची पट्टी, आणि बोल्टने जोडलेले असतात, तिथे सांध्याला वळसा घालून दोन्ही रुळांना एक वेगळी वायर जोडतात. तिला बाँड म्हणतात. फिशप्लेटने रूळ सरळ धरायचे. वीज नेण्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवत नाहीत.

टेबलावरच्या मॉडेल रेल्वेत मात्र बरेच जण सगळा भार त्या इवल्या फिशप्लेटवरच टाकतात. एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान गाडी १६.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर धावते. साध्या पद्धतीत एका रुळाला धन, दुसऱ्याला ऋण टोक, आणि जास्तीत जास्त १२ व्होल्ट. रुळांचे तुकडे पत्र्याच्या पातळ पट्टीने एकमेकांत सरकवलेले असतात. नवे असताना सगळे छान चालते. काही महिन्यांत पट्टी सैल होते, धातूवर ऑक्साइडचा थर बसतो, धूळ शिरते आणि सांध्याचा रोध वाढतो. समजा, प्रत्येक सांध्यात अर्धा ओहम रोध आला आणि इंजिन अर्धा अँपिअर घेत असेल, तर दर सांध्याला पाव व्होल्ट गळतो. इंजिनापर्यंत जाताना सहा सांधे, परतताना सहा. झाले तीन व्होल्ट कमी! गाडी लांबच्या वळणावर मंदावते आणि दोष मोटरवर जातो.

सोलापूरच्या हवेने यात भर पडते. मॉडेलचे रूळ बहुधा तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूचे असतात. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली पत्र्याखालची दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला, तर मीटरभर रूळ सुमारे ०.४ मिलिमीटर लांबतो. त्यामुळे सगळेच सांधे सोल्डर करून टाकणे हा उपाय नव्हे. रुळांना सरकायला फट न ठेवल्यास ते उन्हाळ्यात वाकतात. फट हवी आणि वीजही अखंड हवी, म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्यायची.

मॉडेलच्या पाटाखालून अडीच एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या दोन वायरी फिरवा, एक लाल, एक काळी. हा मुख्य मार्ग. त्या मिश्रधातूचा रोध तांब्याच्या पंधरा-वीस पट असतो, म्हणून लांबचा प्रवास विजेने तांब्यातूनच करावा. प्रत्येक रुळापासून अर्धा एमएमची बारीक वायर खाली आणून मुख्य वायरीला जोडा. ही फीडर वायर वीतभर असली की पुरे. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा, कारण आतल्या अंगाने चाकांची कड फिरते. आधी रूळ घासून चकचकीत करा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावा आणि चांगल्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत काम उरका. रेंगाळलात तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतील.

बार्शी लाइटचे मॉडेल करणाऱ्यांनी तर यात अजिबात कसूर करू नये. १८९७ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ७६२ मिलिमीटर होता. ८७ ने भागा, ८.८ येतात, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतो. आपल्या जिल्ह्याच्या या गाडीचे मॉडेल व्हावे असे मला फार वाटते. पण अशा मॉडेलची इंजिने वजनाला हलकी असतात, चाकांची रुळावरची पकड कमी, आणि वीज जरा खंडली की ती जागीच थबकतात.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत सतत पंधराएक व्होल्ट असतात. तिथे एक चाचणी अवश्य करा. पाच रुपयांचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवा. शॉर्ट सर्किट होऊन पुरवठा ताबडतोब बंद पडला पाहिजे. समजा, वीज पुरवणारे यंत्र पाच अँपिअरला पुरवठा तोडणारे आहे, पण वायरिंगचा रोध चार ओहम आहे. मग प्रवाह पावणेचार अँपिअरवरच अडतो, पुरवठा तुटत नाही आणि सुमारे ५६ वॅट उष्णता सैल सांध्यांत साठत राहते. २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेहून ती जास्त आहे. नाणे क्षणभरच ठेवा, आणि ही चाचणी पाटाच्या प्रत्येक कोपऱ्यात, फाट्यापलीकडच्या आखूड तुकड्यांवरही करा. जिथे पुरवठा तुटणार नाही, तिथे आणखी एक फीडर जोडायची.