जाताना सोळा तास, येताना कमी का?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण सोळा तास लागतात, परतताना मात्र तास-दीड तास वाचतो. अंतर दोन्हीकडून सारखेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. याचे व्हॉट्सॲपवर फिरणारे उत्तर असे: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून!

तसे असते, तर न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत आले असते आणि जातानाच वेळ वाचला असता. घडते नेमके उलट. मुळात हवाही जमिनीबरोबरच फिरते. ती फिरत नसती, तर मुंबईत ताशी १,५८० किमी वेगाचा वारा आपल्या तोंडावर आदळत राहिला असता.

खरे कारण जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे हे वारे. आणि गंमत अशी की, ते घडवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचाच हात आहे!

विषुववृत्तावरची हवा जमिनीबरोबर ताशी १,६७० किमी वेगाने पूर्वेला जात असते. तापून ती वर चढते आणि ध्रुवाकडे निघते. तिकडे जाताना पृथ्वीच्या अक्षापासूनचे तिचे अंतर कमी होते. कोनीय संवेग, म्हणजे अक्षापासूनचे अंतर गुणिले फिरण्याचा वेग, कायम राखायचा, तर अंतर घटेल तसा वेग वाढायला हवा. ३० अंश अक्षांशावर हे अंतर ०.८६६ पट होते, म्हणून हवेचा वेग १,६७० भागिले ०.८६६, म्हणजे सुमारे १,९३०. तिथली जमीन मात्र फक्त १,४४५ किमी वेगाने फिरते. उरलेला फरक, ताशी जवळजवळ ४८५ किमी, म्हणजे जमिनीवरून पाहिले तर पश्चिमेकडून येणारा वारा. प्रत्यक्षात वाटेतले भोवरे बराचसा संवेग काढून घेतात, त्यामुळे वारा सहसा यापेक्षा पुष्कळ कमी असतो. अटलांटिकवरच्या जेट स्ट्रीमला तर थंड ध्रुवीय आणि उबदार हवेच्या तापमानातला फरक जोर पुरवतो. हा फरक हिवाळ्यात वाढतो, वाराही वाढतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सियारा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. पण म्हणून त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असे मानणे चूक. भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने उडत होते, ती हवाच पळत होती.

मग जाण्यायेण्याचा हिशेब फिटतो का? नाही. ५,५०० किमी अंतर, विमानाचा वेग ९०० आणि वारा १५० धरा. वाऱ्याबरोबर ५ तास १४ मिनिटे, विरुद्ध ७ तास २० मिनिटे. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास १३ मिनिटे लागली असती, आता १२ तास ३४ मिनिटे लागतात. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. म्हणूनच अटलांटिकवरचे हवाई मार्ग रोजच्या वाऱ्याप्रमाणे नव्याने आखतात: पूर्वेला जाणाऱ्यांना जेट स्ट्रीममधून, पश्चिमेला जाणाऱ्यांना तिला वळसा घालून, मग अंतर थोडे वाढले तरी चालेल.