चाइल्ड सपोर्टच्या थकबाकीमुळे वाहन परवान्याचे निलंबन (अमेरिका)

न्यायालयाने किंवा सरकारी यंत्रणेने ठरवून दिलेली मुलाच्या पालनपोषणाची रक्कम आईने वा वडिलांनी थकवली, तर त्यांचे ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित करता येते. अशी तरतूद अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे. या रकमेला तिथे चाइल्ड सपोर्ट म्हणतात. घटस्फोटित जोडीदाराला मिळणाऱ्या पोटगीपेक्षा ती वेगळी असते आणि आईवडिलांचे लग्न झालेले नसले तरी ती द्यावी लागते. बेदरकार गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे यांच्याशी या निलंबनाचा काहीही संबंध नाही. लायसन्स इथे वसुलीचे हत्यार म्हणून वापरले जाते.

१९७५ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सामाजिक सुरक्षा कायद्यात भर घालून चाइल्ड सपोर्टच्या वसुलीची देशव्यापी यंत्रणा उभी केली. काम राज्यांनी चालवायचे आणि खर्चाचा मोठा वाटा संघराज्य सरकारने उचलायचा, अशी तिची रचना आहे. १९८४ आणि १९८८ च्या कायद्यांनी पगारातून थेट कपात रूढ केली. आजही वसूल होणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा भाग याच कपातीतून येतो. पण पगारदार नसलेल्यांना ती लागू पडेना. स्वतःचा धंदा करणारे, रोखीने मजुरी घेणारे, सारख्या नोकऱ्या बदलणारे पालक निसटत राहिले. त्यांच्यातले काही जण चांगले कमावत होते आणि मुलांना एक डॉलरही देत नव्हते. एकट्याने मुले वाढवणाऱ्या आयांचा संताप रास्त होता, आणि परवाना अडवण्याची कल्पना त्यातूनच जोर धरू लागली. मेन राज्याने १९९३ मध्ये तसा कायदा केला. आणखी काही राज्येही त्या वाटेने गेली.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कल्याणकारी योजनांच्या फेररचनेच्या कायद्यावर सही केली. वाहन परवाना, व्यवसायाचा परवाना, तसेच शिकार व मासेमारीचा परवाना अडवण्याची व्यवस्था प्रत्येक राज्याने ठेवलीच पाहिजे, अशी अट त्यात होती. न ठेवल्यास संघराज्याचा निधी धोक्यात. त्यामुळे थकबाकी असलेल्या डॉक्टरचा, वकिलाचा किंवा न्हाव्याचाही परवाना जाऊ शकतो. याच कायद्याने पासपोर्ट नाकारण्याची सोय केली. थकबाकीची त्यासाठीची मर्यादा आधी ५,००० डॉलर होती, ती २००६ मध्ये २,५०० डॉलरवर आली. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या नावावर अशी थकबाकी असेल, तर घरच्यांना भेटायला भारतात येण्यासाठी लागणारा पासपोर्टच त्याला मिळत नाही.

किती थकले म्हणजे परवाना जातो, हे राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात हप्ता १५ दिवस चुकला तरी प्रक्रिया सुरू होऊ शकते. टेक्सासमध्ये तीन महिन्यांची, न्यूयॉर्कमध्ये चार महिन्यांची थकबाकी लागते. व्हर्जिनियात ९० दिवस किंवा ५,००० डॉलर. आधी नोटीस येते. तिच्यात दिलेल्या मुदतीत पैसे भरायचे, हप्ते बांधून घ्यायचे किंवा सुनावणी मागायची. यातले काहीच झाले नाही, तर परिवहन खात्याकडे नाव जाते आणि परवाना थांबतो. माणसाने घर बदललेले असेल तर नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते, आणि पोलिसाने गाडी अडवल्यावरच त्याला आपले लायसन्स निलंबित असल्याचे कळते. निलंबित परवान्यावर गाडी चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे: दंड होतो, काही वेळा कैदही. परवाना परत मिळवायला बहुतेक ठिकाणी वेगळे शुल्क भरावे लागते. काही राज्ये फक्त कामावर जाण्यायेण्यापुरता मर्यादित परवाना देतात, पण तो मागावा लागतो, आणि मागता येतो हे अनेकांना ठाऊकच नसते.

ऐपत असून पैसे न देणाऱ्यावर हे हत्यार चालते. नोटीस हातात पडताच तो पैसे भरतो, आणि मुलाला हक्काचे मिळते. मात्र देशभरची थकबाकी शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे आणि तिचा मोठा भाग अशा लोकांकडे नाही. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००७ मध्ये नऊ मोठ्या राज्यांचा अभ्यास केला. त्यात दिसले, की सुमारे ७० टक्के थकबाकी वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी नोंदलेले उत्पन्न असलेल्यांकडे, किंवा नोंदलेले उत्पन्नच नसलेल्यांकडे आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत बस आणि रेल्वेची सोय तुटपुंजी आहे. गोदाम, बांधकामाची जागा, रात्रपाळीचा कारखाना गाठायला गाडीच लागते. अशा माणसाचा परवाना काढून घेतला की त्याची नोकरी जाते आणि पुढच्या महिन्याची थकबाकी आणखी वाढते. नुकसान शेवटी त्याच मुलाचे होते, ज्याच्या नावाने ही कारवाई केली.

थकबाकी इतकी साचते कशी? १९८६ मध्ये कायद्यात झालेल्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे एकदा थकलेली रक्कम न्यायालयालाही मागे जाऊन कमी करता येत नाही. नोकरी गेली त्याच आठवड्यात रक्कम बदलून घेण्याचा अर्ज केला नाही, तर जुन्या पगारावर ठरलेला आकडा चालूच राहतो. वर काही राज्ये व्याज लावतात. कॅलिफोर्नियात ते वर्षाला १० टक्के आहे. शिवाय आईने सरकारी रोख मदत घेतली असेल, तर वसुलीतला बराचसा पैसा त्या मदतीची भरपाई म्हणून सरकारजमा होऊ शकतो. बापाचा परवाना गेला, त्याने उसनेपासने करून पैसे भरले, आणि मुलाच्या ताटात त्यातले फार थोडे पडले, असेही घडते. या साऱ्या व्यवस्थेतले याहून अन्यायाचे काही दाखवणे कठीण आहे.

न्यायालयांसमोर परवान्याचे मोल जुन्या काळापासून आले आहे. बेल विरुद्ध बर्सन (१९७१) या जॉर्जियातल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एकदा दिलेला परवाना उपजीविकेसाठी अत्यावश्यक ठरू शकतो, म्हणून योग्य प्रक्रियेशिवाय तो काढून घेता येणार नाही. चाइल्ड सपोर्ट थकवल्याबद्दल तुरुंगात टाकण्यापूर्वी माणसाची ऐपत तपासली जाईल अशी व्यवस्था हवी, असे टर्नर विरुद्ध रॉजर्स (२०११) मध्ये याच न्यायालयाने सांगितले. परवान्याच्या बाबतीत मात्र अनेक राज्यांत माणूस स्वतः तक्रार घेऊन उभा राहीपर्यंत तो प्रश्न कोणी विचारत नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यात निदान ऐपतीचा विचार आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्याला किंवा ठरावीक किमान उत्पन्नाखाली असणाऱ्याला तिथे निलंबनातून सूट मागता येते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून, ज्यांचे घरगुती उत्पन्न काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मध्यक उत्पन्नाच्या ७० टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या वाहन परवान्याला संरक्षण देण्याची तरतूद केली. संघराज्य सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही रक्कम ठरवताना पालकाची खरी मिळकत पाहण्यास राज्यांना बांधले, आणि तुरुंगवासाला ‘स्वेच्छेची बेकारी’ धरण्यास मनाई केली.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांताचे कौटुंबिक जबाबदारी कार्यालय थकबाकीदारांचे परवाने निलंबित करवते. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने न्यायालयाला असा परवाना दोन वर्षांपर्यंत रोखण्याचा अधिकार दिला.

भारतात हा मार्ग नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ मध्ये परवाना रद्द करण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत निर्वाहखर्चाची थकबाकी येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नुसार, पुरेशा कारणाशिवाय रक्कम थकवणाऱ्यावर वसुलीचे वॉरंट निघते आणि प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. तेव्हापासून दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी सुरुवातीलाच प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागतात.