काँक्रीटमुळे 'अवकाश' सुचला?

समज असा: काँक्रीट, पोलाद आणि काच आली, भिंतींवरचा भार खांबांवर गेला आणि त्यातून 'वास्तुकला म्हणजे अवकाश' (भिंतींनी वेढलेली मोकळी जागा, इंग्रजीत 'स्पेस') ही आधुनिक कल्पना जन्मली.

ऐकायला पटतं, पण सनावळी जुळत नाही. लोखंड आणि काचेचं लंडनचं प्रदर्शनगृह 1851 चं. काँक्रीटच्या सपाट लाद्या मोजक्या खांबांवर पेलणारा, भिंतींना मोकळं करणारा प्रसिद्ध आराखडा 1914 चा. अवकाश हेच वास्तूचं सार, हे मात्र 1893 साली, म्हणजे पहिल्याच्या बेचाळीस वर्षं नंतर आणि दुसऱ्याच्या एकवीस वर्षं आधी, जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका व्याख्यानात मांडलं गेलं, तेही साहित्याच्या नव्हे तर शरीराच्या आधारे. माणूस ताठ उभा असतो तो पहिला अक्ष, डावी-उजवीकडे पसरते ती रुंदी, आणि पुढे चालतो ती खोली (डेप्थ). यातली तिसरी दिशा महत्त्वाची, कारण वास्तू चालत चालत कळते.

भाषेनेही हात दिला. जर्मन 'राउम' म्हणजे राहायची खोलीही आणि अमूर्त अवकाशही. (मराठीत अवकाश म्हटलं की आधी यान आठवतं!)

पडताळा सोपा आहे. रोमन काळातल्या वास्तुग्रंथाच्या तीन कसोट्या पाहा: मजबुती, उपयोग, सौंदर्य. त्यात अवकाश नाही. मग 1890 पूर्वीच्या एखाद्या इंग्रजी वास्तुग्रंथाची सूची चाळा. 'स्पेस' सापडला तरी बहुधा दोन खांबांमधलं अंतर किंवा जागा या साध्या अर्थाने.

नव्या साहित्याने ही कल्पना बांधायला सोपी केली, हे मात्र खरं.