टिकाऊ गाडी

टिकाऊ गाडी : परवडणाऱ्या दुरुस्तीवर पंधरा-वीस वर्षे रोजच्या वापरात राहणारी आणि दोन-तीन लाख किलोमीटर धावूनही इंजिन उतरवावे न लागणारी मोटारगाडी. ठाणे व नवी मुंबईत अशा गाडीला सरसकट ‘मजबूत’ म्हणतात. या एका शब्दात तीन निरनिराळे गुण कोंबलेले असतात आणि गाडी घेताना घोटाळा होतो तो तिथेच. रस्त्यात बंद न पडणारी ती भरवशाची, झिजली-मोडली तरी पुन्हा उभी करता येणारी ती टिकाऊ, आणि धडक बसल्यावर आतल्या माणसांना वाचवणारी ती सुरक्षित. तिन्ही गुण एकाच गाडीत असतातच असे नाही. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसिडर २०१४ पर्यंत, म्हणजे पाच दशकांहून जास्त काळ, बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत होती. ती टिकाऊ होती याबद्दल दुमत नाही. पण तिला भरवशाची म्हणताना तिचे जुने मालकही जरा अडखळतात.

जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी हा समज फार खोलवर रुजलेला आहे. शोरूममध्ये दार ‘धप्प’ लागते की ‘टण्ण’ हे ऐकून, बोनेटवर टिचकी मारून गाडी पारखणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ साली १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी सुमारे ६४ किमी वेगाने समोरासमोर धडकवली. जुन्या गाडीचा पत्रा जाड आणि देह अवजड, पण चालकाची जागाच चेपली गेली. नव्या गाडीचे नाक चुरगळले आणि आतली जागा शाबूत राहिली. पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा आणि मधला पिंजरा कडक ठेवायचा, ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांची. तिचे पेटंट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे आहे. भारतात हा विषय घरोघरी पोहोचला तो डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे मिळाले तेव्हा. बंपर दाबला तर बोट आत जाते, यावरून टिकाऊपणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

लाखो किलोमीटरच्या गाड्या

टिकाऊपणाचा विषय निघाला की दोन गाड्यांचा दाखला हमखास दिला जातो. ग्रीसमधील टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ च्या मर्सिडीज २४० डी गाडीवर ४६ लाख किलोमीटर केले. २००४ मध्ये ती गाडी कंपनीच्या संग्रहालयात गेली. अमेरिकेतील शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये नवी घेतलेल्या व्होल्व्हो पी१८०० वर २०१३ साली तीस लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा, टप्पा ओलांडला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर गाडी चालूच होती.

या गाड्यांच्या बांधणीत गुण होतेच. मर्सिडीजच्या त्या डिझेल इंजिनात २.४ लिटरमधून जेमतेम ६५ अश्वशक्ती निघत असे. आजचे दीड लिटरचे टर्बो डिझेल सहज शंभराच्या वर देते. ज्या इंजिनाकडून त्याच्या ताकदीपेक्षा कमीच काम मागितले जाते, त्याच्या रिंगा, पिस्टन आणि बेअरिंगांवर ताणही कमी येतो. हीच परंपरा पुढे डब्ल्यू१२३ या मालिकेत चालली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दहा वर्षांत तिच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. टोयोटा लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून आजही बनते, आणि प्यूजो ५०४ आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांवर याच कारणाने नाव कमावून गेली: साधी यंत्रणा, भरपूर वर-खाली होऊ शकणारे सस्पेन्शन आणि कुठल्याही गावात खोलता येतील असे नटबोल्ट.

मात्र साखिनिदिस आणि गॉर्डन यांच्या किलोमीटरमागची खरी गोष्ट रस्त्याची आहे. लांबचा प्रवास, तापलेले इंजिन, एकसारखा वेग, वेळच्या वेळी ऑइल. ठाण्यातल्या नौपाड्याहून वागळे इस्टेटला रोज चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीला यातले काहीच मिळत नाही. इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, सायलेन्सर आतून सडतो. घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेल्या गाडीचे दुखणे वेगळे: चाक फिरत नाही, इंजिन फिरतच राहते. ताशी १५ किमीची सरासरी धरली तर मीटरवरच्या ४० हजार किलोमीटरला इंजिन २,६०० तासांहून जास्त चाललेले असते. महामार्गावर ताशी ६० ने तेवढ्याच तासांत एक लाख साठ हजार किलोमीटर झाले असते. त्यामुळे ‘फक्त सिटी रनिंग, किलोमीटर कमी’ ही जुन्या गाडीच्या जाहिरातीतली ओळ भूषण म्हणून वाचू नये. क्लच प्लेट, ब्रेक आणि इंजिन माउंटिंग यांच्यासाठी ती उलट इशाराच असते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत या दुखण्याला नवे तोंड फुटले. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) भरला की तो जास्त उष्णतेने आतल्या आत जाळून साफ करावा लागतो, आणि ती उष्णता पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत येत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला की नवी मुंबईकर गाडी पाम बीच रोडला नेतात, ठाणेकर नाशिक महामार्गाला. अर्धा तास एकसारखी पळवली की दिवा बहुधा विझतो. रोजची फेरी छोटी असलेल्याने डिझेल घ्यावेच कशाला, हा प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारत नाही.

पत्रा आणि खाडी

या भागात इंजिनाआधी पत्रा मरतो. ठाण्याची खाडी दोन्ही शहरांच्या मधोमध आहे. ऐरोली, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर ही उपनगरे तिच्या काठालाच लागून आहेत. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की ती सुरू होते आणि त्यात मीठ मिसळले की पाण्याची वाहकता वाढून ती झपाट्याने पुढे सरकते. त्यात चार महिन्यांचा पाऊस, आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या हवेतला आम्लपणा.

गंज दिसतो तिथे सुरू होत नाही. मडगार्डच्या आतल्या दुमडीत चिखल साचून राहतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दार आतून टाकीसारखे भरते. पुढच्या काचेखालच्या जाळीत सोसायटीतल्या गुलमोहराची पाने कुजतात. एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणी पायाखालच्या मॅटखाली झिरपते आणि फ्लोअर मुकाट्याने खात बसते. बॅटरीखालचा ट्रे आम्लाने जातो. बाहेरून रंगाला फुगा आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की एक पावसाळा निघतो, दुसरा क्वचितच.

यावरचा उपाय जगाने उशिरा शोधला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. पोर्शेने १९७५ च्या सुमारास ९११ साठी असा पत्रा वापरायला घेतला, आउडीने १९८० च्या दशकाच्या मध्यास १०० या गाडीचा संपूर्ण सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा केला. सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कोपऱ्याकोपऱ्यात प्रायमर चढवण्याची पद्धत त्याच काळात सर्वत्र रुळली. याउलट उदाहरण इटलीच्या लान्चिया बीटाचे: चालवायला सुरेख, पण गंजामुळे १९८० मध्ये ब्रिटनमध्ये कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि ते नाव तिथे कायमचे बदनाम झाले. गाडी बांधणाऱ्याचे कसब वेल्डिंगच्या शिवणीत आणि न दिसणाऱ्या पोकळ्यांत दिसते ते असे.

गॅरेजमध्ये ‘अँटी-रस्ट’ किंवा अंडरबॉडी कोटिंग आग्रहाने विकले जाते. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते उपयोगी आहे. आधीच गंज धरलेल्या चिखलट पत्र्यावर तोच काळा थर मारला तर ओलावा आत कोंडला जातो आणि गंज निवांत वाढतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गाडीखाली साध्या पाण्याचा फवारा मारणे आणि दारांची छिद्रे काडीने मोकळी करणे, एवढे केले तरी बरेच काम होते. उंदीर हा वेगळाच शत्रू. वायरींवरचे आवरण कुरतडून तो एका रात्रीत सेन्सरच्या लायनी तोडतो, आणि त्याला रोखायला बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा तोडगा दोन्ही शहरांत चालतो. चांगली बांधणी त्याच्यापुढे निरुपयोगी आहे.

साचलेल्या पाण्याची गोष्टही बांधणीच्या पलीकडची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या पट्ट्यातल्याही अनेक गाड्या बुडाल्या. इंजिनात पाणी शिरल्यावर ते दाबले जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारणे हीच इंजिन घालवण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे.

सुटे भाग आणि मिस्त्री

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. ती कुर्ल्याला १९६४ पासून बनू लागली आणि उत्पादन थांबल्यावरही वर्षानुवर्षे धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिचे स्टिअरिंग जड होते, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, ब्रेकचे नाव न काढलेले बरे. पण तिचा प्रत्येक भाग मिस्त्रीला डोळे मिटून खोलता येई आणि कुर्ल्याच्या बाजारात मिळे. तिच्या आयुष्याची लांबी कारखान्याने जेवढी ठरवली, तेवढीच त्या बाजाराने.

ठाणे जिल्ह्यातच याच्या नेमके उलट घडले. कल्याणच्या कारखान्यात प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून १९९४ मध्ये प्यूजो ३०९ बनवायला घेतली. गाडी वाईट नव्हती, तिचे सस्पेन्शन आपल्या खड्ड्यांना साजेसे होते. भागीदारी मात्र १९९७ च्या सुमारास संपली, सुटे भाग दुर्मीळ झाले आणि धडधाकट गाड्या भंगारात गेल्या. गंमत अशी की प्यूजोचेच दीड लिटरचे डिझेल इंजिन मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये घातले, आणि तिथे त्याला मिस्त्री मिळाले.

मारुती ८०० (डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४) ही पातळ पत्र्याची गाडी. तरी तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन हलक्या सांगाड्याला ओढत असल्याने ते सहसा थकत नसे, आणि क्लच वायर तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळे. टोयोटा क्वालिस २००० साली आली तेव्हा तिच्या ठोकळ्यासारख्या रूपाला लोक हसले. ऐरोली-महापेच्या शिफ्टच्या गाड्यांत ती दिवसरात्र पळाली, चालक बदलत राहिले, आणि २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतल्यावर हसणे थांबले. या गाड्यांमागे युद्धोत्तर जपानची शिस्त होती. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये तिथे दिलेल्या व्याख्यानांतून प्रत्येक भाग एकसारखा उतरावा यासाठी आकडेवारीने नजर ठेवण्याची पद्धत जपानी कारखान्यांत पसरली. टिकाऊपणात या एकसारखेपणाचा वाटा पोलादाच्या जाडीहून मोठा आहे.

कागदावरचे आयुष्य

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. ठाण्याचे पासिंग एमएच-०४ आणि नवी मुंबईचे एमएच-४३. पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तशी महाराष्ट्रात नाही. म्हणून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे आल्या.

जुनी गाडी बघायला जाताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, सायलेन्सरमागे हात धरून धूरही बघतात. त्याआधी पायाखालची मॅट उचलावी, फ्लोअरवर तळहात टेकवावा आणि वास घ्यावा. मग दाराच्या खालच्या काठावरून आतल्या बाजूने बोट फिरवावे. बोटाला लाल भुकटी लागली तर मीटरवर किती किलोमीटर आहेत ते पाहायची गरज नाही.